स्टॉल शिकवायचा तर पुरता शिकवा

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, २० तास क्रॉस-कंट्री (एका विमानतळाहून दुसऱ्याकडे), १० तास नुसत्या उपकरणांच्या भरवशावर आणि ५ तास रात्रीचे. हा हिशेब चोख मांडलेला आहे. पण पंखांनी हवेतला आधार सोडला, म्हणजे स्टॉल झाला, तर विमान सावरायचं कसं, आणि एकुलतं एक इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठे, या दोन गोष्टींसाठी परवान्याच्या अटींत तासांचा वेगळा रकाना नाही. त्या अभ्यासक्रमात आहेत, परीक्षेत येतात, लॉगबुकात त्यांची नोंदही होते. किती खोलवर शिकवायच्या हे मात्र बरंचसं त्या दिवशी उजव्या सीटवर बसलेल्या इन्स्ट्रक्टरवर अवलंबून राहतं. एखादा मनापासून शिकवतो, एखादा एकदा दाखवतो आणि पुढे सरकतो.

हे बदललं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. पूर्ण स्टॉल, पंख पडणारा (एक पंख एकदम खाली जाणारा) स्टॉल, वळणातला स्टॉल आणि न सांगता मागे ओढलेला थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणारा दांडा), हे सगळं अंगवळणी पडल्याशिवाय कुणाच्याही हातात व्यावसायिक परवाना पडू नये. आणि ते अंगवळणी पडलं की नाही, हे तास मोजून कळत नाही. विमानात शेजारी बसून बघावं लागतं.

हा केवळ फ्लाइंग क्लबांचा अंतर्गत मामला नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली आणि त्याच वर्षी इंडिगोने ५०० विमानांची. या विमानांना वैमानिक लागणार आहेत आणि त्यातले पुष्कळ जण बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव, नागपूर अशा ठिकाणी शिकलेले असतील. आपल्याकडे २०० तासांचा मुलगा किंवा मुलगी टाइप रेटिंग (एका विशिष्ट प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण) करून थेट पावणेदोनशे प्रवाशांच्या विमानात को-पायलट म्हणून बसू शकते. त्यात गैर काहीच नाही, पण मग त्या २०० तासांत काय शिकवलं गेलं हे प्रवाशानेही विचारायला हवं.

आधी स्टॉल म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण याबद्दल सुशिक्षित माणसांचाही घोटाळा होतो. विमान स्टॉल झालं म्हणजे इंजिन बंद पडलं असं नव्हे. पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो तो साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते आणि उचल एकदम घटते. इंजिन पूर्ण जोरात चालू असलं तरी हे होतं. वेग भरपूर असला तरी होऊ शकतं. नाक क्षितिजाच्या खाली असतानाही होऊ शकतं. हे शेवटचं वाक्य विद्यार्थी लेखी परीक्षेत बिनचूक लिहितात. हवेत मात्र ते त्यांना आठवत नाही, कारण त्यांना शिकवलेला स्टॉल नेहमी एकाच पद्धतीने आलेला असतो: सरळ उड्डाण, थ्रॉटल मागे, नाक हळूहळू वर, वेग कमी कमी.

सेस्ना १५२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं छिद्र असतं. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना विद्यार्थी त्यावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढतो आणि आतली पिपाणी वाजते का ते बघतो. वर चार हजार फुटांवर तीच पिपाणी आधी बारीक आवाजात कण्हते, मग जोरात ओरडायला लागते. योक (विमानाचं स्टिअरिंग) छातीपर्यंत आलेलं असतं. हाताला विमान सैल लागतं, जणू कशाला काही जोडलेलंच नाही. मग अंगाला थरथर जाणवते आणि पायांनी रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) नीट धरलेला नसेल तर एक पंख, बहुधा डावा, एकदम खाली जातो. त्या क्षणी नव्या विद्यार्थ्याचे हात काय करतात ते बघण्यासारखं असतं. गाडी एका बाजूला ओढली की आपण स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला फिरवतो, तसं तो योक उजवीकडे फिरवतो. त्यामुळे पडलेल्या पंखावरचं एलेरॉन (मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली येतं, त्या पंखाचा हवेशी असलेला कोन आणखी वाढतो आणि तो आणखी पडतो. करायचं असतं ते अगदी वेगळं: योक पुढे, कोन कमी, उजवा रडर, आणि मग पॉवर. जमीन समोर वर येताना दिसत असताना योक पुढे ढकलायचं. शरीराचा कण न् कण नको म्हणत असताना.

आणि बहुतेक वेळा धडा इथवर येतच नाही. पिपाणी वाजली की 'रिकव्हर' असं सांगितलं जातं, विद्यार्थी नाक जरा खाली करतो, थ्रॉटल पुढे सारतो, उंची फारशी गेली नाही म्हणून शाबासकी मिळवतो आणि दोघे पुढच्या व्यायामाकडे वळतात. पहिल्या इशाऱ्यालाच सावरायची सवय चांगलीच आहे. प्रवासी विमानात तेच करायचं असतं. पण ज्याने इशाऱ्याच्या पलीकडे काय आहे ते कधी अनुभवलंच नाही, तो इशारा चुकल्यावर एका सर्वस्वी अनोळखी जागी पोचतो, आणि ती जागा पहिल्यांदा बघायची वेळ प्रवाशांसकट येते.

२००९ या एकाच वर्षात असं दोनदा घडलं. १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं क्यू-४०० विमान उतरायच्या तयारीत होतं. वेग घटला, हातातला कॉलम (योकचा दांडा) थरथरून इशारा देऊ लागला आणि कॅप्टनने तो मागे ओढला. विमानाची यंत्रणा आपणहून कॉलम पुढे ढकलत होती, तरी तो ओढत राहिला. विमानातले ४९ आणि ज्या घरावर ते कोसळलं त्यातला एक, असे ५० जण गेले. तपासात पुढे आलं की या वैमानिकांचं प्रशिक्षण स्टॉलच्या अलीकडेच थांबत होतं. कॉलम आपोआप पुढे ढकलला जातो तेव्हा हाताला कसं लागतं, हे सिम्युलेटरमध्ये त्यांना करून दाखवलेलं नव्हतं. १ जूनला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकवर होतं. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांमध्ये बर्फ साचला, वेग दाखवणारी उपकरणं एका मिनिटाहून कमी काळ चुकली आणि ऑटोपायलट सुटला. को-पायलटने नाक वर ओढलं. विमान ३८,००० फुटांजवळ चढलं, स्टॉल झालं आणि साडेतीन मिनिटं खाली येत राहिलं. दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. कॉकपिटमध्ये 'स्टॉल, स्टॉल' असा आवाज घुमत होता. २२८ माणसं गेली.

कोल्गननंतर अमेरिकेने कायदा करून प्रवासी विमानाच्या को-पायलटसाठीही साधारण १५०० तासांची अट घातली. आपल्याकडेही अधूनमधून कुणी तरी तशी मागणी करतं. मला ती पटत नाही. कोल्गनच्या कॅप्टनला ३,३०० हून अधिक तासांचा अनुभव होता आणि त्याच्या को-पायलटला २,२०० हून अधिक. एअर फ्रान्सच्या तिघांतल्या सर्वांत कमी अनुभवी वैमानिकाचेही जवळपास ३,००० तास भरलेले होते. तास त्यांच्याकडे मुबलक होते. त्या तासांत पूर्ण स्टॉल नव्हता.

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला, त्याकडे आपल्या इन्स्ट्रक्टरांनी अधिक लक्ष द्यायला हवं. पूर्वी स्टॉलच्या परीक्षेत कमीत कमी उंची घालवून सावरणं हा निकष असायचा. त्यामुळे वैमानिक थ्रॉटलवर विसंबून, नाक जेमतेम खाली करून निभावून न्यायला शिकायचे. अमेरिकेच्या नियामकाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं की पहिलं काम कोन कमी करणं, उंची गेली तर जाऊ द्या. पुढे २०१३ च्या नियमाने विमान कंपन्यांना सिम्युलेटरवर पूर्ण स्टॉल शिकवणं बंधनकारक केलं आणि त्यासाठी २०१९ पर्यंत मुदत दिली. एवढा वेळ द्यावा लागला, कारण स्टॉलच्या पलीकडे विमान कसं वागतं याचं गणित जुन्या सिम्युलेटरमध्ये भरलेलंच नव्हतं. आपल्याकडे आजही असे विद्यार्थी भेटतात ज्यांच्या डोक्यात 'उंची घालवायची नाही' हेच पक्कं बसलेलं आहे. शंभर फूट वाचवले की सर खूश होतात, हे ते शिकलेले असतात.

पुरतं शिकवायचं हा विचार नवा नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शिकतानाच शेकडो तरुण मरत होते. स्पिनमध्ये गेलेलं, म्हणजे स्टॉल होऊन गिरक्या घेत खाली येणारं विमान म्हणजे गेलेलं विमान, अशीच समजूत होती. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाचा अधिकारी फ्रान्समधल्या आघाडीवर अर्धवट शिकून आलेल्या पोरांना मरताना बघत होता. १९१७ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला शिकवण्याची पद्धतच उलटी केली. आव्रो ५०४ विमानात दोन सीटांना दुहेरी नियंत्रणं, पुढच्या-मागच्या सीटांमध्ये बोलण्यासाठी एक नळी, आणि एकच तत्त्व: विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवायचं नाही, धोक्यात नेऊन त्यातून बाहेर कसं पडायचं ते शिकवायचं. मुद्दाम स्पिन घालायचा आणि काढायचा. आज जगभर उड्डाण शिकवण्याचा जो साचा आहे तो तिथून निघाला आहे. शंभर वर्षांनी आपण त्यातला अवघड भाग तेवढा हळूच वगळत आलो आहोत.

याला प्रतिवाद आहे आणि तो वजनदार आहे. अमेरिकेने १९४९ मध्ये खासगी परवान्यासाठीची स्पिनची अट काढून टाकली. शिकवताना होणारे अपघात हे एक कारण होतं. दुसरं असं की स्पिनमुळे होणारे जीवघेणे अपघात बहुतेक इतक्या कमी उंचीवर होतात की तिथे सावरायची विद्या येत असली तरी उपयोग नाही. मग विद्या कशाला, स्टॉल ओळखायला आणि टाळायलाच शिकवा, असा तो युक्तिवाद. तो निकालात काढता येत नाही. सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) ५०० फुटांवर स्पिन सुरू झाला तर कुणीही काही करू शकत नाही, हे खरंच आहे.

पण यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. स्पिन शिकवायचा तो ५०० फुटांवर सावरता यावं म्हणून नव्हे. ज्याने चार-पाच हजार फुटांवर तो एकदा तरी पोटात अनुभवला आहे, त्याला बेसवरून फायनलवर (उतरण्याआधी रनवेच्या रेषेत येण्यासाठी शेवटचं) वळताना रडर जास्त दाबून योक मागे ओढण्याचा मोह झाला की आत काही तरी खटकतं. ते खटकणं पुस्तकातून येत नाही. अमेरिकेने विद्यार्थ्याला सूट दिली, पण इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला स्पिनचं शिक्षण आजही सक्तीचं ठेवलं आहे, हेही विसरू नये. आणि युरोपने डिसेंबर २०१९ पासून मोठ्या विमानाच्या पहिल्या टाइप रेटिंगआधी खास प्रशिक्षण बंधनकारक केलं: किमान ५ तास वर्गात आणि किमान ३ तास विमानात, इन्स्ट्रक्टरसोबत, विमान खरोखर उलटंपालटं करून. तीन तास. २०० तासांच्या शिक्षणात हे ओझं नव्हे.

इथे विमानांचाही प्रश्न येतो. आपल्याकडच्या संस्थांत डायमंड डीए-४० सारखी नवी विमानं आली आहेत. ती सुरक्षित आहेत, कमी इंधनात उडतात, पडद्यावरची उपकरणं आधुनिक आहेत. पण डीए-४० इतकं समंजस आहे की स्टिक (त्यात योकऐवजी दांडी असते) पूर्ण मागे ओढून धरली तरी बहुधा मान डोलावत खाली येत राहतं, आणि त्यात मुद्दाम स्पिन करायला परवानगीच नाही. त्यावर शिकलेल्या मुलाला स्टॉल ही एक सौम्य गोष्ट वाटते. त्याचा दोष नाही. म्हणून प्रत्येक संस्थेत नाही, तरी दोन-तीन संस्थांत मिळून एक स्पिनला मान्यता असलेलं विमान आणि ते शिकवणारे दोन अनुभवी इन्स्ट्रक्टर असावेत, अशी सोय डीजीसीएने (नागरी उड्डाणाच्या आपल्या नियामकाने) घडवून आणली पाहिजे. सेस्ना १५२ ला ती मान्यता आहे. अगदी महागड्या कसरतीच्या विमानाची गरज नाही.

लष्करी बाजूला आपल्याच देशात हा मुद्दा किती गांभीर्याने घेतला गेला ते बघा. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं एचजेटी-३६ हे प्रशिक्षण जेट विमान २००३ मध्ये पहिल्यांदा उडालं. स्टॉल आणि स्पिनमध्ये ते नीट वागत नव्हतं, या एका मोठ्या कारणाने कार्यक्रम वर्षानुवर्षं अडून राहिला. शेपटीकडचा भाग बदलावा लागला, आणि डावीकडे-उजवीकडे सहा-सहा गिरक्यांचा स्पिन काढून दाखवायला २०२२ उजाडलं. शिकाऊ माणूस ज्यात बसणार ते विमान स्पिनमधून बाहेर यायलाच हवं आणि त्या माणसाला तो काढता यायलाच हवा, यावर हवाई दलाने तडजोड केली नाही. मुलकी वैमानिकाच्या मागे तर जास्त माणसं बसलेली असतात.

आता इंजिनाकडे येतो. इंजिन बंद पडणं आणि स्टॉल हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, पण एक इंजिनाच्या विमानात माणूस मरतो तो बहुधा दोन्ही एकत्र आल्यावर. इंजिन गेलेलं विमान दगडासारखं पडत नाही. सेस्ना १७२ तरंगत नेण्याच्या योग्य वेगाला, साधारण ६५ ते ६८ नॉट्सला, धरलं तर १००० फुटांवरून अडीच-पावणेतीन किलोमीटर जातं, आणि हाताशी सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ असतो. नाक खाली ठेवून विमान ताब्यात असताना शेतात टेकलं, चाकं मोडली, पंख फाटला, तरी माणूस बहुतेक वेळा चालत बाहेर येतो. पण कुंपण चुकवायला, झाड ओलांडायला किंवा रनवेपर्यंत पोचायला त्याने नाक ओढलं आणि विमान वीस-तीस फुटांवर किंवा दोनशे फुटांवर स्टॉल झालं, तर ते नाकावर किंवा पंखावर येतं. मग वाचणं अवघड.

उड्डाण घेतल्या घेतल्या इंजिन गेलं तर हे सर्वांत धारदार होतं. समोर अनोळखी जमीन असते आणि मागे ओळखीचा रनवे. मागे वळावंसं वाटतंच. पण वळण १८० अंशांचं नसतं. रनवेच्या रेषेवर परत यायला त्याहून बरंच जास्त वळावं लागतं. पटकन वळायला ४५ अंश झुकावं तर स्टॉलचा वेग जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५० नॉट्सला स्टॉल होणारं विमान ६० च्या आसपासच होतं. त्यात नाक ओढलेलं, रडर दाबलेला, जमीन जवळ. म्हणून शिकवलं जातं की समोरच उतरा, तीसेक अंश डावी-उजवी करून जे बरं दिसेल त्यात. सगळे विद्यार्थी हे पाठ म्हणून दाखवतात. विमानात बसून किती जणांनी ते केलं आहे?

कारण सरावाची रीतच वेगळी पडली आहे. सराव क्षेत्रात तीन हजार फुटांवर सर 'फोर्स्ड लँडिंग (इंजिन गेल्यावर सापडेल तिथे उतरणं) करू या' म्हणतात. विद्यार्थ्याला आधीच कळलेलं असतं. थ्रॉटल मागे येतो. खाली नेहमीचंच शेत असतं, ज्याच्यावर गेल्या वर्षभरातल्या सगळ्या बॅचनी सराव केला आहे. मग पाठ केलेली तपासयादी: वेग, शेत, इंधनाचा कॉक, मिक्सचर, कार्ब हीट, मॅग्नेटो, आणि मेडे म्हणजे रेडिओवर मदतीची हाक. पाचशे फुटांवर 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर. तोंडपाठ झालेलं सगळं नीट होतं आणि त्यात निवड मात्र कुठेच नसते. खऱ्या प्रसंगात पहिली काही सेकंदं माणूस नुसता गोठतो. हे कसं झालं, आत्ताच कसं झालं, या विचारात वेग दहा नॉट्सने उतरलेला असतो. ती सेकंदं कमी करायला शिकायचं असेल तर थ्रॉटल कधी मागे येईल हे विद्यार्थ्याला माहीत असता कामा नये. क्रॉस-कंट्रीच्या मधोमध, तो नकाशावर पेन्सिलने वेळ लिहीत असताना. डाउनविंडवर (सर्किटमध्ये रनवेला समांतर उडताना), रेडिओवर बोलत असताना. ओळखीच्या शेतापासून वीस किलोमीटर लांब.

आणि महाराष्ट्रात खाली काय आहे हे विमानात बसायच्या आधी जमिनीवरून शिकवा. बारामती-इंदापूरकडे वरून हिरवंगार सपाट दिसतं, त्यातला बराचसा ऊस असतो, माणसाच्या दुप्पट उंच. त्यात चाकं अडकली की विमान पुढे कोलमडतं. द्राक्षबागा वरून सुबक ओळींच्या दिसतात, पण त्या लोखंडी तारा आणि अँगलवर उभ्या असतात. पावसाळ्यातली काळी जमीन चाक धरून ठेवते. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या रानात ढेकळं असतात, तिथे नांगराच्या तासांच्या (सरींच्या) दिशेने उतरायचं, आडवं नाही, वारा थोडा बाजूने आला तरी. विहिरींना कठडा असतोच असं नाही आणि एक हजार फुटांवरून त्या दिसत नाहीत. गोंदियाकडे भातखाचरांचे बांध छोटे दिसतात, पण चाक मोडायला पुरेसे असतात. वीजवाहिन्यांच्या तारा कधीच दिसत नाहीत, खांब शोधावे लागतात. एका रविवारी विद्यार्थ्यांना जीपमध्ये घालून ही शेतं दाखवावीत, शेतकऱ्याशी बोलायला लावावं, कुठलं रान कधी मोकळं असतं ते विचारायला सांगावं. याला इंधनाचा खर्च काहीच नाही आणि मुलं ते विसरत नाहीत. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून एकट्याने निघालेल्या शिकाऊ वैमानिकाचं सेस्ना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं होतं, जीव वाचला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली. कारणं वेगवेगळी असतील. पण जमिनीशी अशी अचानक गाठ पडणं हा आपल्याकडे कल्पनेतला प्रसंग नाही.

ज्यांना हा धडा खऱ्या अर्थाने येतो अशी एक जमात आहे: ग्लायडर उडवणारे. त्यांच्याकडे इंजिनच नसतं, त्यामुळे प्रत्येक उतरणं हे फोर्स्ड लँडिंग असतं आणि ते बरोबरच करावं लागतं. विंचच्या (जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) दोराने ग्लायडर वर ओढलं जात असताना इन्स्ट्रक्टर न सांगता मध्येच दोर सोडतो. नाक आभाळाकडे असतं, ओढ एका क्षणात संपते, आणि विद्यार्थ्याने पहिली हालचाल म्हणून नाक खाली घालून वेग मिळवायचा असतो. समोर उतरायचं की वळायचं हा विचार नंतर. एकट्याने उडायची परवानगी मिळायच्या आधी हे पुन्हा पुन्हा झालेलं असतं. १९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवणारा कॅप्टन बॉब पिअरसन ग्लायडर उडवणारा होता. १५ जानेवारी २००९ रोजी दोन्ही इंजिनं गेलेलं एअरबस न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवून १५५ जणांना वाचवणाऱ्या कॅप्टन सलनबर्गरनेही ग्लायडर उडवले होते. त्यामुळेच ते यशस्वी झाले असं सरसकट म्हणता येणार नाही, पण पॉवर नसताना विमानाकडे उरलेली उंची आणि वेग खर्च कसा करायचा, हे त्यांना पुस्तकाबाहेर माहीत होतं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. व्यावसायिक परवान्याच्या अभ्यासात ग्लायडरचे थोडे तास धरले आणि ही सोय देशात आणखी चार-पाच ठिकाणी उभी केली, तर कुठल्याही नव्या नियमापेक्षा त्याचा परिणाम मोठा होईल.

काही गोष्टी विमानात करूच नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. खरंखुरं इंजिन बंद करून सराव करू नये. थ्रॉटल मागे पुरेसा आहे, आणि लांब उतरणीत मधूनमधून तो पुढे करून इंजिन गरम ठेवावं. उड्डाणानंतर तीनशे फुटांवर इंजिन गेल्याचा प्रसंग सिम्युलेटरमध्ये घ्यावा. दोन इंजिनांच्या विमानात जमिनीजवळ एक इंजिन काढून घेणं तर अजिबात नको, त्या सरावाने इन्स्ट्रक्टरही मारले आहेत. तिथे शिकवायचं ते आधी नीट बघायला: १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या केगवर्थला आणि २०१५ मध्ये तैपेईत वैमानिकांनी बिघडलेलं इंजिन सोडून चांगलंच इंजिन बंद केलं होतं. घाई न करता दोघांनी मिळून खात्री करणं सिम्युलेटरमध्ये उत्तम शिकवता येतं.

या सगळ्याच्या मुळाशी इन्स्ट्रक्टर आहे. आपल्याकडे पुष्कळ इन्स्ट्रक्टर तरुण असतात, नुकतेच शिकून बाहेर पडलेले, एअरलाइनच्या नोकरीची वाट बघता बघता शिकवणारे. ते कष्टाळू असतात, दिवसाला कितीतरी उड्डाणं करतात. पण ज्याला स्वतःला पंख पडणाऱ्या स्टॉलची भीती आहे तो पिपाणी वाजताच थांबणार, आणि त्याचा विद्यार्थी उद्या इन्स्ट्रक्टर झाला की तोही तिथेच थांबणार. अशी भीती पिढी दर पिढी पुढे जाते. म्हणून सुरुवात विद्यार्थ्यांपासून नको, इन्स्ट्रक्टर रेटिंगपासून हवी. ज्याने स्पिन दोन्ही बाजूंना घालून काढून दाखवला नाही त्याला स्टॉल शिकवायची मुभा असू नये. २०२५ मध्ये डीजीसीएने पहिल्यांदा प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर केली आणि सर्वोच्च श्रेण्यांत एकही संस्था बसली नाही. क्रमवारी हे चांगलं पाऊल आहे. तिच्या निकषांत इन्स्ट्रक्टर किती काळ टिकतात आणि त्यांनी स्वतः काय शिकलंय, याला भरघोस वजन द्या.

खर्चाचा मुद्दा येईलच. परवाना हातात येईपर्यंत आज घराचे पन्नास लाख आणि त्याहून जास्त जातात. कुणी कर्ज काढतं, कुणी जमीन विकतं. अशा घरातला मुलगा सरांना 'आज तास भरू या, स्टॉल पुन्हा नको' म्हणाला तर त्याला नावं ठेवता येत नाहीत. म्हणूनच हे त्याच्या इच्छेवर सोडू नये. जादा तास लावायचीही गरज नाही: शंभर तासांच्या स्वतंत्र उड्डाणातले बरेच तास एकाच ओळखीच्या मार्गावर फेऱ्या मारण्यात जातात. डीजीसीएने तासांच्या अटीत थोडी लवचीकता आणून त्यातले दहा तास या धड्यांकडे वळवू दिले, तर बिल तेच राहील.

तोवर पालकांना माझं एक सांगणं आहे. प्रवेशाचे पैसे भरायच्या आधी तुम्ही होस्टेल बघता, मेस बघता, किती मुलं एअरलाइनला लागली ते विचारता. त्याच बैठकीत आणखी चार गोष्टी विचारा. तुमच्या ताफ्यात स्पिनला मान्यता असलेलं विमान कोणतं? मुख्य इन्स्ट्रक्टरने शेवटचा स्पिन केव्हा केला? पहिल्या सोलोआधी (एकटीने उडण्याआधी) माझ्या मुलीचे पूर्ण स्टॉल किती होतील, आणि त्यातले वळणातले किती? आणि तिला न सांगता थ्रॉटल कोण, कुठे मागे ओढणार? उत्तरं लेखी मागा.